आगगाडी आणि आपलें गोंदिया



आपलें गोंदिया हें कोणा राजानें वसविलेलें नगर नव्हे, कीं कोणा तीर्थामुळें वाढलेलें क्षेत्र नव्हे. तें आगगाडीचें अपत्य आहे.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ सालीं गेली. १८६७ सालीं ती वाट नागपुरास पोहोंचली. परंतु छत्तिसगडचा तांदूळ अद्याप बैलांच्याच बळावर येत असे. म्हणून सरकारनें नागपूर-छत्तिसगड मार्ग हातीं घेतला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें तो ताब्यांत घेऊन ब्रॉडगेज केला, आणि १८९१ सालीं आसनसोलपर्यंतची वाट खुली झाली.

तथापि गांवावरून रूळ गेले म्हणजे शहर होतें असें नाहीं. याच वाटेवरचीं कित्येक स्थानकें खेडींच राहिलीं. गोंदियाचें निराळें कारण असें कीं, १९०३ ते १९०५ या काळांत नैनपूरवरून जबलपुराकडे, व १९०८ सालीं नागभीडकडे, येथून अरुंद रुळांच्या शाखा फुटल्या. रुळांची रुंदी भिन्न. त्यामुळें प्रत्येक पोतें व प्रत्येक ओंडका येथें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे. त्या उतरचढीनें हमाल आले, अडते आले, दुकानदार आले. भाताच्या गिरण्या व विड्यांचे कारखाने निघाले. पुढें १९९९ सालीं गोंदिया जिल्ह्याचें ठाणें झालें, आणि २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती १ लाख ३२ हजारांवर गेली.

परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १८९६-९७ व १८९९-१९०० सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडले. आगगाडी धान्य आणते, तशी अधिक भाव देणाऱ्या बाजाराकडे तें नेतेहि. कोणाच्या पोटीं तें जावें, हें ती ठरवीत नाहीं, माणसें ठरवितात.

आतां जबलपूरचा अरुंद रूळ राहिला नाहीं, आणि ती उतरचढहि संपली. ज्या पाठींनीं हें शहर उचललें, त्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत. आपणां पुष्कळांचे वाडवडील याच फलाटावर गांठोडें घेऊन उतरले. तेव्हां ते येथें परकेच होते, आणि कोणीतरी त्यांस ओसरी दिली. आजहि रोज गाडी येते, व तिच्यांतून कोणी निराश्रित उतरतो. त्यास दार उघडणें ही आपल्या प्रभूची आज्ञा आहे. परंतु गोंदियाकरांस तें जुनें ऋणहि आहे. या उत्सवाच्या वर्षीं आपण तें फेडूं लागूं या.