खरखरीत हात



आज आपण खरखरीतपणाविषयी बोलू. बाईच्या हातांबद्दल हा शब्द नेहमी नाव ठेवायलाच वापरतात. पण स्वयंपाकघरात खरखरीतपणाशिवाय आपलं पानही हलत नाही. पाटा झिजून गुळगुळीत झाला, की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग टाकी लावणारीला हाक मारायची. ती छिन्नीने टोचे मारते आणि पाटा पुन्हा कामाचा होतो.

आपल्या बोटांवरही अशाच बारीक उंचसखल रेषा असतात. रेशन दुकानातलं मशीन त्याच वाचतं. आपण राखेने भांडी घासतो, सोड्यात कपडे बुडवतो, घमेली उचलतो, ऊस तोडतो, काजू सोलतो. तळहात जाड होतो, भेगा पडतात, आणि त्या बारीक रेषा मात्र झिजतात. काही दिवस विश्रांती मिळाली, तर बहुतेकींच्या रेषा पुन्हा उठतात. पण विश्रांती देणार कोण?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख ठरते. म्हणजे कार्ड तिच्या नावाचं, आणि अंगठा तिचाच लागत नाही! घर तिच्या हातांवर चालतं, आणि मशीन म्हणतं, ही ती नव्हेच.

अशा वेळी आपण मुकाट्याने परत फिरायचं नाही. हात धुऊन, पुसून पुन्हा लावून बघा. कोरड्या पडलेल्या बोटाला किंचित ओलावा द्या. अंगठाच हवा असं नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. कार्डात नाव असलेलं घरातलं दुसरं माणूसही बोट लावू शकतं. जिथे सोय आहे, तिथे डोळ्यांची ओळख किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालतो. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने नोंदवता येतात. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर दुकानदाराला ठामपणे सांगा, की ठसा जुळत नाही एवढ्यावरून खऱ्या कार्डधारकाचं धान्य अडवता येत नाही. तरीही अडवलं, तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकटीला जड वाटलं, तर चौघी मिळून जाऊ.

माणशी पाच किलो धान्याचा हा प्रश्न आहे. रात्री हातांना तेल लावा, भेगा दुखतात म्हणून. लाज वाटते म्हणून नको.