दोन बाटल्यांची साक्ष

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन तिचे छायाचित्र काढवून घेतले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. आज अतिदक्षता विभागात मानेतल्या वा खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत अशी नळी बसवून औषधे व पोषण देतात. परंतु ज्या वाटेने औषध जाते त्याच वाटेने जंतूही रक्तात शिरू शकतात.

माझ्या थोरल्या बंधूंच्या मानेत अशी नळी होती. नवव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "नळी काढा आणि औषध सुरू करा." त्या म्हणाल्या, "आधी रक्त घेते. दहा मिनिटे द्या." विलंबाचा आरोप सरकारी नोकर जन्मभर ऐकत असतो, तो दुसऱ्यावर करण्याची संधी मी त्या दिवशी सोडली नाही.

त्यांचे म्हणणे मात्र सरळ होते. ताप फुप्फुसामुळे असेल, मूत्रमार्गामुळेही असेल. वरची त्वचा स्वच्छ दिसत असूनही नळी दोषी असू शकते. निर्दोष नळी काढली तर थकलेल्या रोग्याची दुसरी शीर शोधावी लागते. दोषी ठेवली तर जंतूंचा झरा वाहतच राहतो. म्हणून एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात, एक नमुना नळीतून आणि दुसरा हाताच्या शिरेतून घेतात. बाटल्या यंत्रात ठेवल्या की जंतूंची वाढ केव्हा जाणवली ती वेळ यंत्र नोंदविते. उगम नळीत असेल तर तिच्यातून घेतलेल्या रक्तात जंतू अधिक. साहजिकच ती बाटली आधी बोलते. दोहोंत एकच जंतू निघाला आणि नळीची बाटली निदान २ तास आधी बोलली, तर दोष नळीचा मानतात. केवळ तिच्याच बाटलीत जंतू वाढले तर तेवढ्यावर निकाल देता येत नाही. ते नळीच्या आत नुसते चिकटून बसलेले असतील, कातडीवरून आलेलेही असतील. आणि प्रतिजैविक आधीच दिले, तर दोन्ही साक्षीदार मुके होण्याचा संभव!

नळीचे टोक पोषक थरावर लोळवून १५ वा अधिक जंतुवसाहती मोजण्याची रीत अमेरिकेत डेनिस माकी आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडली. पण ती चौकशी आरोपीला शिक्षा दिल्यानंतरची.

रोगी ढासळत असेल तर अहवालासाठी थांबत नाहीत. रक्त घेताच औषध सुरू करतात. बंधूंच्या बाबतीतही तसेच केले. नळीची बाटली ११ व्या तासाला बोलली, हाताची १५ व्या. जंतू एकच. नळी त्याच दिवशी काढली. रक्त घेण्यास, मी घड्याळ लावून पाहिले होते, ७ मिनिटे लागली होती.