शाळेच्या दारावरचे डाग

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी विषय बदलते आहे. मला आपल्या शाळेच्या दरवाजाबद्दल बोलायचं आहे. आज आत येताना तुम्ही सगळे त्याच दारातून आलात.

मुख्य इमारतीचा तो जुना सागवानी दरवाजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सहा खिडक्या. त्या काळी धुळ्यातल्या अनेक बांधकामांचं सागवान सातपुड्यातून यायचं, तसंच हेही. गेल्या वर्षी जूनमध्ये आपल्या तुकडीने वर्गणी काढून ते रंगवून दिलं. पंधरा जूनला शाळा उघडली तेव्हा दार पांढरंशुभ्र दिसत होतं. ग्रुपवर फोटो आले, टाळ्यांचा पाऊस पडला. जुलैच्या शेवटी दुसरा फोटो आला. पांढऱ्या रंगावर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी ओघळ होते आणि खिळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटली होती.

त्यानंतर ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते सगळ्यांना आठवत असेल. ‘रंगात पाणी घातलं.’ ‘स्वस्तातला डबा आणला.’ ‘आपला म्हणून काम दिलं, तर असं केलं.’ हे काम आपल्याच वर्गातल्या मित्राने केलं होतं. नववीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो वडिलांबरोबर रंगकामाला जाऊ लागला. आज तो मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्या मजुरीचा शेवटचा हप्ता आपण दोन महिने अडवून ठेवला. ‘आपण’ कशाला म्हणू? हिशोब माझ्याकडे होता, म्हणजे तो मी अडवला.

चूक त्याची नव्हती, माझी होती. नुसतं ‘चुकलं’ म्हणून खाली बसता आलं असतं. पण का चुकलं हे सांगितल्याशिवाय त्याच्यावरचा आरोप पुरता पुसला जाणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काम सुरू करण्याआधी त्याने मला पुण्याला फोन केला होता. म्हणाला, ‘अगं, सागवान शे ते. पानी लागनं का लाकूड रडस. आधी तेलाचा प्रायमर मारू, दोन दिवस वाळू देऊ, मग तुझा पाण्याचा रंग मारू.’ मी म्हटलं, ‘डब्यावर लिहिलंय, प्रायमरची गरज नाही. मी वाचलंय.’ तो एवढंच म्हणाला, ‘बरं, तू म्हणशील तसं.’

माझी कारणं अगदीच वेडगळ नव्हती. शाळा चार दिवसांवर आली होती. तेलाच्या रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास वर्गात मुलांना नको होता. एक थर वाचला की मजुरीही वाचणार होती. आमच्या संगणकाच्या धंद्यात मधला टप्पा काढून टाकणं ही हुशारी समजतात, ती सवयही होती. पण तो टप्पा जे काम करत होता, ते आता कोण करणार, हे मी विचारलंच नाही.

फोटो आल्यावर पंधरा दिवस मीही ग्रुपवर गप्प राहिले. मग एका रविवारी पारोळा, एरंडोल करत जळगावला गेले. आपल्या वर्गातला आणखी एक मित्र तिथे आहे. जळगावच्या आपल्या विद्यापीठात, म्हणजे १९९० मध्ये सुरू झालेल्या आणि २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव लाभलेल्या उमविमध्ये, रंग तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. तो तिथे शिकला आणि गेली वीस वर्षं रंगांच्याच कामात आहे. त्याला फोटो दाखवला. तो हसला आणि म्हणाला, ‘तू दाराला रंग नाही दिलास, दाराचा चहा केलास.’

त्याने जे समजावलं ते असं. सागाच्या, बाभळीच्या, खैराच्या लाकडात पाण्यात विरघळणारी रंगीत द्रव्यं असतात. त्यातलं मुख्य टॅनिन. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ते त्याच्याच जोरावर, आणि पानातला कात येतो तो खैराचं लाकूड उकळून. पाण्याच्या रंगात पाणी असतं, हे मला माहीत होतं. मात्र ते पाणी आधी लाकडात शिरतं, टॅनिन विरघळवतं आणि वाळताना त्याला घेऊन वर येतं, हे माहीत नव्हतं. पाणी उडून जातं, रंगीत द्रव्य वरच्या थरात राहतं. तोच डाग. पुढे पावसाचं पाणी मुरलं की हाच प्रकार पुन्हा होतो.

बाई, तुम्ही आठवीत आम्हाला लिटमसचा प्रयोग करायला लावला होता. पाण्याच्या रंगाचा सामू साधारण ८ ते ९.५ असतो, म्हणजे तो अल्कधर्मी असतो. अशा द्रावणात टॅनिन जास्त विरघळतं आणि गडदही होतं. चहात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, लगेच काळपट होतो. म्हणजे डाग झाकायला आणलेला रंगच डाग बाहेर काढत होता. खिळ्यांभोवतीच्या काळ्या वर्तुळांचं कारणही टॅनिनच. लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळी शाई तयार होते. पूर्वी हिरडा आणि लोखंडाच्या क्षारापासून शाई करत, ती हीच.

त्यात आम्ही काम केलं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. हवेत दमटपणा आला होता, रंग वाळायला वेळ लागला आणि पाण्याला लाकडात काम करायला तेवढाच जास्त वेळ मिळाला. हाच रंग फेब्रुवारीत मारला असता तर डाग पडले असते, पण कदाचित कमी.

मग प्रायमर काय करतो? तेलाच्या प्रायमरमध्ये पाणीच नसतं, त्यामुळे तो टॅनिनला जागचं हलवत नाही, वरून झाकण घालतो. सागाच्या अंगात तेलकट द्रव्यंही असतात, त्यामुळे तेलाचा रंग सागावर हळू वाळतो. आपला मित्र ‘दोन दिवस वाळू देऊ’ म्हणाला होता, त्यामागे हे कारण होतं. त्याला ही रसायनं माहीत नव्हती, वाळायला लागणारा वेळ मात्र बरोबर माहीत होता.

आता प्रश्न असा, की मग ‘प्रायमर लागत नाही’ ही थाप आहे का? नाही. जळगावच्या मित्राने हे मला दोनदा बजावलं. अमेरिकेत देवदार आणि रेडवूडच्या घरांना हाच त्रास होतो आणि जगभरचे रंगतज्ज्ञ यावर वर्षानुवर्षं डोकं चालवत आहेत. प्रायमरचं काम वरच्याच रंगाकडून करून घ्यायचं, तर वाटा साधारण दोन.

पहिली म्हणजे टॅनिनला जागच्या जागी धरून ठेवायचं. टॅनिन पाण्यात विरघळलं की त्याच्यावर ऋण भार येतो. धन भाराची राळ वापरली तर ती त्याला पकडते आणि न विरघळणारा साका करते. चहात दूध घातल्यावर त्याचा तुरटपणा कमी होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरतात. तसंच काहीसं. अडचण अशी, की बाजारातल्या बहुतेक पाण्याच्या रंगांची राळ ऋण भाराची असते. दोन्ही एका डब्यात आले की दूध नासावं तसा रंग फाटतो. प्रायमर वेगळा असतो तेव्हा हे भांडण होत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या डब्यांत राहतात. धन भाराच्या राळेऐवजी झिंक ऑक्साइडसारखी द्रव्यंही टॅनिनला बांधून ठेवतात. पण ती जास्त झाली तर रंग डब्यातच घट्ट होऊ लागतो.

दुसरी वाट म्हणजे पाण्याला वाटच ठेवायची नाही. रंगातल्या राळेचे कण फार बारीक, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान, आणि पाण्याला दूर ठेवणारे करायचे, म्हणजे थर दाट बसतो. पण थर फारच बंद झाला तर लाकडात मागच्या बाजूने शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि रंगाला फोड येतात. बाहेरच्या दाराला ऊन, पाऊस आणि लाकडाचं फुगणं-आकसणं हे सगळं सोसायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि महिनाभरात पाऊस येतो. एकाच थराने डाग अडवायचे, ओल बाहेर सोडायची, लवचीकही राहायचं आणि उन्हात टिकायचंही. म्हणून असा रंग बनवणं कठीण, अशक्य नव्हे. पण तो ज्या अटींवर काम करतो त्या पाळाव्या लागतात.

त्या अटी डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होत्या. लाकूड पूर्ण कोरडं हवं. दोन हात हवेत, मध्ये सांगितलेला वेळ सोडून. डाग सोडणाऱ्या लाकडावर आधी छोट्या जागी करून बघा, नाहीतर प्रायमर वापरा. मी फक्त पुढची बाजू वाचली होती. ‘मी वाचलंय’ म्हणाले होते, ते एवढंच.

यंदा फेब्रुवारीत आपल्या मित्राने ते काम पुन्हा केलं, त्याच्या पद्धतीने. ग्रुपवर त्याची फारशी वाच्यता झाली नाही, म्हणून सांगते. जुने थर त्याने कोरडे न घासता पाणी मारून ओले खरवडले. जळगावच्या मित्राचा तसा आग्रह होता. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१६ चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या पोटात जायला नको. मग लाकूड आठवडाभर वाळू दिलं. गंजलेले खिळे काढले. तेलाचा प्रायमर, दोन दिवस विश्रांती, मग पाण्याचा रंग दोन हात. शाळेला सुटी असतानाच्या शनिवार-रविवारी प्रायमर मारला, त्यामुळे वासाचा प्रश्नही सुटला. तोही उपाय त्याचाच.

सहापैकी एक खिडकी मात्र आम्ही तिघांनी मुद्दाम वेगळी ठेवली. ग्रंथालयाच्या बाजूची शेवटची. तिच्यावर प्रायमर नाही. डाग अडवणारा नवीन पाण्याचा रंग, सगळ्या अटी पाळून, दोन हात. चौकटीच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. एक पावसाळा गेला. दरवाजा आणि पाच खिडक्या स्वच्छ आहेत. सहावीही जवळजवळ स्वच्छ आहे, फक्त खालच्या कोपऱ्यात गाठीजवळ फिकट पिवळी छटा आली आहे. जाताना जरूर बघा. पुढच्या वर्षी ती वाढली की नाही, ते तारखेवरून कळेल.

पैशांचा हिशोब मी त्याच्याशी गेल्या वर्षीच पूर्ण केला. दुसऱ्यांदा केलेल्या कामाची मजुरी तो घेत नव्हता. म्हणाला, ‘शाळा माझीही आहे.’ ती घ्यायला त्याला कसं तयार केलं, हे आमच्या दोघांत राहू दे. पण ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते पैशांनी पुसलं जात नाही. ते चारचौघांत लिहिलं गेलं, म्हणून चारचौघांतच सांगते आहे. मित्रा, तू बरोबर होतास, तू वेळेवर सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. तुझ्यावर बोट दाखवलं जात होतं तेव्हा मला खरं माहीत असूनही मी गप्प बसले. माझी खरी चूक ती. मला माफ कर.

हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत असं कळलं. संपादकांना विनंती, की यातलं काही गाळायचं झालं तर रसायनशास्त्र गाळा, शेवटचा परिच्छेद नको.

आणि वर्गणी समितीला एक सूचना. येत्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेची कपाटं आणि बाकं करायची आहेत. रंग कोणता, प्रायमर कोणता, काम किती दिवसांचं, हे तो ठरवेल. आपण पैसे वेळेवर द्यायचे.