चेहरा तिचा, आवाज दुसरीचा

भयपट म्हटला की नाक मुरडणाऱ्यांनीसुद्धा एकदा तरी बघावी अशी एक अभिनेत्री आहे, बार्बरा स्टील. इंग्लंडातल्या बर्कनहेडला १९३७ साली जन्मलेली. तिकडच्या रँक या चित्रपट कंपनीने तिला करारबद्ध केलं, पुढे हॉलिवूडही झालं. पण एल्विस प्रेस्लीबरोबरचा ‘फ्लेमिंग स्टार’ तिने अर्ध्यावर सोडला. नाव झालं ते इटलीत.

१९६० साली मारिओ बावाने ‘ला मास्केरा देल देमोनिओ’, म्हणजे ‘सैतानाचा मुखवटा’, हा कृष्णधवल चित्रपट केला. बावा मूळचा छायालेखक, उजेड-अंधार कुठे किती ठेवायचा हे जाणणारा. सुरुवातीलाच चेटकीण ठरवलेल्या आसाला खांबाला बांधलेलं असतं. आतून अणकुचीदार खिळे असलेला मुखवटा तिच्या तोंडापुढे येतो आणि जल्लाद भलामोठा हातोडा उचलतो. दोनशे वर्षांनी मुखवटा निघतो, तेव्हा गालांवर, कपाळावर खिळ्यांची भोकं दिसतात. मग काही वेळातच पडक्या चर्चपाशी दोन कुत्रे घेऊन उभी असलेली राजकन्या कात्या दिसते. चेहरा तोच, पण कोवळा. दोन्ही भूमिका बार्बराच्याच! एकाच नजरेची भीतीही वाटावी आणि दयाही यावी, हे तिचं सामर्थ्य. ब्रिटनमध्ये मात्र बंदीमुळे हा चित्रपट १९६८ सालापर्यंत दाखवता आला नाही.

इटलीत तेव्हा संवाद मागाहून ध्वनिमुद्रित करायची पद्धत होती. या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीतदेखील बार्बराला दुसरीचाच आवाज आहे. पुढच्या वर्षी रॉजर कॉर्मनच्या ‘द पिट अँड द पेंड्युलम’मध्येही तेच झालं. नटीचा आवाज काढून घेतला तर उरतं काय? बार्बराच्या बाबतीत टपोरे डोळे आणि मान वळवायची ढब उरली, आणि तेवढ्यावर तिने चित्रपट पेलले. मला हे फार मोठं वाटतं.

रिकार्दो फ्रेदा, आंतोनिओ मार्गेरिती या दिग्दर्शकांनी तिला पुन्हापुन्हा वाडे, तळघरं आणि थडगी यांतच फिरवलं. फेलिनीने मात्र ‘साडेआठ’मध्ये तिला वयस्क पुरुषाची तरुण प्रेयसी ग्लोरिया केलं, आणि मोनिचेल्लीने ‘लार्माता ब्रांकालेओने’त चक्क विनोदी चित्रपटात घेतलं. अशा संधी तिला आणखी मिळायला हव्या होत्या.

पुढे ती अमेरिकेत निर्मितीकडे वळली. ‘वॉर अँड रिमेम्बरन्स’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्यांत ती होती आणि त्या मालिकेला १९८९ साली एमी पुरस्कार मिळाला.