केडगावातली अठरा वर्षे



शाळेत हिंदी आणि घरात मराठी, हे आपल्या छिंदवाडा भागातल्या मोहगावच्या मुलांना नवं नाही. म्हणूनच पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची ही गोष्ट इथे सांगायला हवी.

1897च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या होत्या. आपला छिंदवाडा तेव्हा त्याच प्रांतात. उपाशी, निराधार अशा तीनशेच्या आसपास मुली-बायकांना त्यांनी सोबत नेलं आणि पुण्याजवळच्या केडगावला आसरा दिला. भुकेची त्यांना जुनी ओळख होती. त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळातच गेली.

केडगावच्या आधी, इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटायला पुढे आठ वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. ही कबुली फार मोलाची आहे. श्रद्धा म्हणजे एका दिवसात पार पडणारा विधी, असं त्यांनी कधी मानलं नाही. इंग्लंडमधल्या आपल्या धर्मगुरूंशीही त्या निर्भयपणे वाद घालत राहिल्या.

मग त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईच्या कानाला परकी वाटे. रमाबाई तर संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या. त्यांनी जड शब्द बाजूला ठेवले आणि नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईलाही कळेल असं मराठी शोधलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू कमी येत होतं, आश्रमात शेकडो मुलींचा संसार होता, तरी काम थांबलं नाही. सुमारे अठरा वर्षं! प्रार्थना आणि भाषांतर या दोन गोष्टी त्यांच्यासाठी वेगळ्या उरल्याच नसाव्यात.

1921च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी, मनोरमा, चाळिशीत गेली. हातातलं काम रमाबाईंनी तेव्हाही टाकलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर आलं.

मुलांनो, आज घरी गेलात की विज्ञानाच्या हिंदी पुस्तकातला एक परिच्छेद आजीला तिच्या मराठीत सांगून पाहा. जिथे अडाल तो शब्द वहीत लिहून ठेवा, आणि उद्या पुन्हा तिथूनच सुरुवात करा.