दहा सेकंदांचं स्वगत आणि एका आरोपीचं मौन



नाटक सुटल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरताना माणसं लेखकाविषयी काय बोलतात, ते कधी ऐकलंय तुम्ही? "संवाद काय खणखणीत होते!" बहुतेक वेळा एवढंच. सिनेमाच्या लेखकाच्या वाट्याला तेही फारसं येत नाही. कथा, पटकथा, संवाद ही अक्षरं पडद्यावर येतात तेव्हा आपण अंधारात आपली खुर्ची शोधत असतो. लेखकाचं काम आपल्या कानांपर्यंत पोचतं ते संवादांतून, म्हणून लिहिणं म्हणजे बोलणं लिहिणं असं आपण धरून चालतो. आज मला तुमच्याशी न बोललेल्या गोष्टींविषयी बोलायचं आहे. त्याही कोणीतरी लिहिलेल्या असतात.

त्यासाठी मी एकच लेखक निवडला आहे, विजय तेंडुलकर, आणि त्यांची दोन न्यायालयं. एक रंगमंचावरचं, 1967 सालच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधलं. दुसरं पडद्यावरचं, गोविंद निहलानी यांच्या 1980 सालच्या 'आक्रोश' मधलं. दोन्हीकडे एक आरोपी आहे आणि दोन्हीकडे तो आरोपी गप्प आहे. माध्यम बदललं की त्याच लेखकाच्या हातात गप्प बसणं किती वेगळं रूप घेतं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी नाटक. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहे. प्रयोग रात्री आहे, दुपार रिकामी आहे. गावातल्या सामंतला साक्षीदाराचं काम करायचंय आणि त्याला कोर्ट कसं चालतं ते ठाऊक नाही, म्हणून गंमत म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा राहतो. आरोपी कोण? लीला बेणारे, शाळेतली शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ हळूहळू खरा होत जातो.

आता नाटकाची पहिली काही मिनिटं डोळ्यांसमोर आणा. बेणारे आणि सामंत त्या हॉलमध्ये येतात. दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. सामंत तिला समजावतो की ही कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं आणि माणूस आत अडकतो. आपण हे ऐकतो आणि विसरून जातो. विसरावं हीच तर लेखकाची इच्छा असते. पुढे खटला अंगावर येऊ लागल्यावर बेणारे पिशवी उचलून निघते, दाराशी जाते, आणि दार उघडत नाही. तेंडुलकरांना तिला बळजबरीनं थांबवायला माणसं लागली नाहीत. त्यांनी ते काम पहिल्याच प्रवेशात एका कडीकडे सोपवून ठेवलं होतं. मला विचाराल तर नाट्यलेखन म्हणतात ते हे. ते चेमटलेलं बोट आणि पुढचं न उघडणारं दार यांच्यामध्ये जवळजवळ दोन अंकांचं अंतर आहे, आणि ते अंतर लेखकानं मोजून ठेवलेलं आहे.

याच नाटकात प्रोफेसर दामले नावाचा माणूस आहे. तो रंगमंचावर कधीच येत नाही. ज्याच्यामुळे बेणारेवर ही वेळ आली तो गैरहजर, आणि त्याच्याविषयी सगळे बोलतात. सामंत साक्ष देताना वाचलेल्या एका हलक्याफुलक्या कादंबरीतला मजकूर ठोकून देतो, आणि ती बनावट साक्ष खऱ्याला जाऊन चिकटते. बेणारेचा चेहरा बदलतो. प्रयोगात त्या क्षणी साक्षीदाराकडे पाहू नका, बेणारेकडे पाहा. संवाद एकाच्या तोंडी असतो आणि प्रसंग दुसऱ्याचा असतो.

शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बचावासाठी दहा सेकंद देतात. फक्त दहा. आणि तिथे तेंडुलकर घड्याळच थांबवतात. सगळी माणसं जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलू लागते. ती आपलं आयुष्य, आपलं शरीर, आपली फसवणूक, जगण्याची ओढ, सगळं बोलते. लांबलचक, दम लागेल असं स्वगत. आपण प्रेक्षक ते ऐकतो. कोर्ट ऐकत नाही. स्वगत संपतं, माणसं पुन्हा हलतात, आणि काशीकरांच्या लेखी आरोपीनं काहीच निवेदन केलेलं नसतं. वेळ संपलेली असते.

यात रंगभूमीची सगळी ताकद आहे. स्वगत ही आपल्याकडची जुनी सोय. संगीत नाटकातलं पात्र पुढे येऊन मनातलं सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते ऐकलंच नाही असं आपण मानून घ्यायचो. तेंडुलकरांनी त्याच संकेताचं हत्यार केलं. बाकीच्यांना ऐकू येत नाही, ही गोष्टच त्यांनी आरोप म्हणून मांडली.

हे स्वगत सिनेमात जसंच्या तसं चालेल का? चालणार नाही असं मला ठामपणे वाटतं. कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की तिथे माणूस मनातलं मोठ्यानं बोलू लागला तर डोळ्यांनी आधीच सांगितलेलं तोंड पुन्हा सांगतंय असं होतं. म्हणून 'आक्रोश' लिहिताना त्याच लेखकानं उलटी वाट धरली.

लहान्या भिकू हा आदिवासी. बायकोच्या, नागीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील त्याचा बचाव करतोय. भास्कर विचारतो, समजावतो, चिडतो, पुन्हा विचारतो. लहान्या बोलत नाही. ओम पुरींनी ही भूमिका केली आणि आपण त्यांच्या डोळ्यांचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या डोळ्यांना जागा कोणी दिली? पटकथेच्या कागदावर प्रसंगाचा क्रमांक असतो, जागा असते, दिवस की रात्र ते असतं, कोण काय करतं ते असतं. त्या कागदावर वकिलाच्या प्रश्नांपुढे आरोपीच्या नावासमोरची जागा रिकामी सोडणं, आणि पुढच्या प्रसंगात, त्याच्याही पुढच्या प्रसंगात ती रिकामीच ठेवण्याचा धीर धरणं, हे लेखकाचं काम आहे. उत्तर मिळत नाही म्हणून भास्करला गावभर शोधत हिंडावं लागतं आणि त्याच्यामागून आपल्यालाही. लहान्यानं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं असतं तर आपल्याला एक हकीकत मिळाली असती, आणि आपण दया दाखवून घरी गेलो असतो.

आणखी एक माणूस त्यात गप्प आहे, सरकारी वकील दुसाने. ही भूमिका अमरीश पुरींची. तो स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला. त्याच्या घरी रात्री निनावी फोन येतात, जातीवरून शिव्या देणारे. तो ऐकतो आणि फोन ठेवतो. दुसऱ्या दिवशी कोर्टात लहान्याविरुद्ध उभा राहतो. या दोन गप्प माणसांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे सिनेमात कोणी बोलून दाखवत नाही. दोन मौनं शेजारी शेजारी ठेवली आहेत, बाकी जोडणी आपण करायची.

सिनेमा सुरू होतो नागीच्या चितेपाशी आणि शेवटाकडे पोचतो तो लहान्याच्या बापाच्या चितेपाशी. बेड्या घातलेल्या लहान्याला तिथे आणलेलं असतं. ज्या नजरांनी नागीचा घात केला त्याच नजरा आता आपल्या बहिणीवर आहेत हे त्याला दिसतं. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच संपवतो. मग ती किंकाळी. तिच्यात एकही शब्द नाही. बेणारेला शब्द मिळाले पण ऐकणारं कोर्ट मिळालं नाही. लहान्याजवळ शब्दच उरलेले नाहीत, नुसता आवाज उरला आहे.

तेंडुलकरांनी 'सामना', 'मंथन', 'सिंहासन', 'अर्धसत्य', 'उंबरठा' लिहिले, प्रत्येकावर स्वतंत्र भाषण होईल. आज त्यांतल्या कोणत्याही एका सिनेमाचा एखादा प्रसंग घरी आवाज बंद करून पाहा. कोण कोणाच्या आधी खोलीत येतं, कोण बसलेलं राहतं, कोण नजर वळवतं. मग तोच प्रसंग आवाजासह पाहा. दुसऱ्या वेळी संवाद कमी ऐकू येतील आणि प्रसंग जास्त दिसेल.

आणि 'शांतता' चा प्रयोग कधी लागला तर जरूर जा. सुरुवातीला सामंतच्या हातात घरच्या लहान मुलासाठी आणलेला एक हिरवा कापडी पोपट असतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा. सगळं संपतं, निकाल लागलेला असतो, मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागलेली असतात, बेणारे निपचित पडलेली असते. सामंत तिच्याजवळ येतो, घुटमळतो. काय बोलावं त्याला कळत नाही. तो पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.