दूरस्थ साहाय्याचा जमाखर्च



ठाण्यातला तंत्रज्ञ खुर्चीवरून न उठता रत्नागिरीतल्या दुकानदाराच्या संगणकाचा अडलेला प्रिंटर सुरू करून देतो, तेव्हा त्याचा मेहनताना बिलात चढतो. परंतु तेवढ्या वेळात दुकानदाराच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जो डेटा खर्ची पडला, त्याची नोंद कोणत्याच दप्तरी होत नाही. रोजच्या दीड जीबीत सारा व्यवहार भागवणाऱ्या गिऱ्हाइकाला हा खर्च क्षुल्लक नाही. म्हणून त्याचा हिशेब कसा मांडावा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

जितका वेळ जोडणी चालू, तितका डेटा खर्च, हा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्याचे एक संपूर्ण चित्र, प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास, ६२,२०,८०० बाइटांचे होते. आणि अशी तीस चित्रे दर सेकंदाला जशीच्या तशी धाडली, तर दीड जीबीची शिदोरी आठ-नऊ सेकंदांतच संपावी. तसे घडत नाही, याचे कारण असे की, केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधनशाळेत जन्मलेली व्हीएनसी काय किंवा मायक्रोसॉफ्टची आरडीपी काय, दूरच्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या या पद्धती पडद्याचा जो भाग बदलला तेवढाच, तोही बहुधा संकोचित करून, पाठवतात. तंत्रज्ञ विचारमग्न असता पडदा स्थिर राहतो आणि खर्च जवळजवळ थांबतो. तोच लांबलचक तक्ता भराभर सरकवू लागला, अथवा एखादी चित्रफीत सुरू झाली, की आकडा झपाट्याने चढतो. प्रिंटरची दीडशे एमबीची फाइल त्याच जोडणीतून पाठवली, तर तिचा भार वेगळाच.

मोजणीची रीत सोपी आहे. विंडोजमध्ये नेटवर्क जोडणीच्या स्थितिदर्शक खिडकीत पाठवलेल्या व मिळालेल्या बाइटांचे दोन आकडे असतात; ते कामाच्या आरंभी व अखेरीस टिपून वजाबाकी करावी. मात्र मध्येच जोडणी तुटली तर ते आकडे पुन्हा शून्यापासून धावू लागतात, याचे भान ठेवावे. ज्याचा पडदा पाहिला जातो, त्याच्याकडे पाठवलेल्याचा रकाना फुगतो आणि पाहणाऱ्याकडे मिळालेल्याचा. दोघेही मोबाईल डेटावर असतील, तर एकाच कामाची झळ दोन खिशांना बसते. याच अवधीत विंडोजचे अद्ययावतीकरण गुपचूप चालू असेल तर तो बोजाही या बेरजेत मिसळतो. यास्तव रिसोर्स मॉनिटरमध्ये कोणता प्रोग्राम किती पाठवतो आहे, याची रुजवात घालावी. शिवाय वेग बिटांत सांगतात आणि खर्च बाइटांत मोजतात: सेकंदाला एक मेगाबिट या गतीने तासभर अखंड वाहिलेला डेटा ३,६०० नव्हे, ४५० एमबी भरतो.

तात्पर्य, तासाचा सरसकट दर ठरवून हा हिशेब जुळणार नाही. तो कामवार ठेवला पाहिजे. तंत्रज्ञाने आरंभीच वॉलपेपर बंद करण्याची, रंगांची प्रत उतरवण्याची तजवीज करावी, मोठी फाइल पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाची संमती घ्यावी आणि बिलावर वेळेशेजारी खर्ची पडलेले एमबीही लिहावेत. कारण दुसऱ्याच्या शिलकीतून खर्च करणाऱ्याने हिशेब देणे हा उपकार नसून व्यवहाराचा साधा नियम आहे.